फोटो आपला, बातमी दुसऱ्याची

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात एका बचत गटाने मिळून केलेलं हे भाषण. गटातल्या चौघींनी ते आळीपाळीने वाचलं. इथे ते सलग दिलं आहे.)



दुपारची भांडीकुंडी आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. कोणी तूर निवडत असेल, कोणी लेकराला मांडीवर घेऊन बसली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आम्ही अकोला जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणली तरी खारं, बोअर मारलं तरी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही अन् चहा फाटतो. हे आधी सांगायचं कारण असं की आजची सगळी गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. विषय मात्र पाण्याचा नाही. विषय आहे बातमीचा. राजकारणाची बातमी आपल्यापर्यंत कशी येते, आणि येता येता तिचं काय होतं, हे आम्ही सांगणार आहोत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नऊ जणी अकोल्याला गेलो. गावची नळयोजना अर्धवट पडली होती, त्याचं निवेदन एका सरकारी कचेरीत द्यायचं होतं. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. निवेदन दिलं, शिक्का मारून प्रत घेतली आणि बाहेर आलो, तर समोर मांडव टाकलेला. वेगळ्या विदर्भाच्या मागणीसाठी धरणं चालू होतं. मांडवात सावली होती, पाण्याचा माठ होता, माठातलं पाणी गोड होतं. आम्ही बसलो. एसटीला वेळ होता. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. आम्ही पदर सावरला आणि पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला. खाली मोठ्या अक्षरात होतं, वेगळ्या विदर्भासाठी ग्रामीण महिला रस्त्यावर. त्याच दिवशी दुसऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, धरणे आंदोलनाला अल्प प्रतिसाद.

एक जागा, एक दिवस, एक मांडव. एका पेपरात बाया रस्त्यावर उतरल्या, दुसऱ्या पेपरात कोणी आलंच नाही. आणि आमच्या पाण्याचा एक शब्द दोन्हींत नव्हता.

गावात जे झालं ते वाईट झालं. पारावर पेपर फिरला. आमच्यातल्या एकीचा नवरा ज्या पक्षाचं काम करतो, त्या पक्षाच्या लोकांनी त्याला विचारलं, "तुही बायको तिकडं काऊन बसली व?" त्यानं घरी येऊन तिला विचारलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या एकीची मुलगी पुण्याला कंपनीत आहे. ती म्हणाली, "माह्या पोरीचं पोट पुण्यावर चालते. मी काऊन वेगळं व्हा म्हणू?" तिसरीचा भाऊ मात्र आंदोलनात आहे. ती म्हणाली, "आलं नाव तर आलं. खरं तेच आलं." झालं. गटात तीन तट पडले. दोघींनी बैठकीला येणं बंद केलं. एकीचा कर्जाचा हप्ता थांबला. दर महिन्याला शंभर शंभर रुपये टाकून उभा केलेला गट एका फोटोनं मोडायला आला होता.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. विदर्भ वेगळा व्हावा की होऊ नये, हे आज आम्ही सांगणार नाही. आमच्या गटातच यावर एकमत नाही, आणि ते असलंच पाहिजे असंही नाही. शिवाय सरकारी नियमाप्रमाणे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. पण बातमी कशी वाचावी, हे सांगायला कोणाची बंदी नाही.

त्या फोटोनंतर आम्ही ठरवलं की भांडण करण्याआधी नीट समजून घेऊ. गटातल्या बी.ए. झालेल्या सुनेनं वाचनालयातून जुनी पुस्तकं आणली. शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी मदत केली. जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण ही मागणी कालपरवाची नाही हे आमच्यापैकी बहुतेकींना माहीतच नव्हतं.

आपला वऱ्हाड आधी निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्या प्रांतात हिंदी बोलणारे जिल्हे जास्त. म्हणून मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करा अशी मागणी निघाली. १९३८ मध्ये तिथल्या विधिमंडळात तसा ठराव झाला. पुढे स्वातंत्र्य आठवड्यावर आलं असताना, ८ ऑगस्ट १९४७ ला, आपल्याच अकोल्यात पश्चिम महाराष्ट्राचे आणि विदर्भाचे पुढारी बसले आणि त्यांनी अकोला करार केला. एका प्रांतात दोन उपप्रांत राहतील, असं त्यात ठरलं. तो करार अमलात आला नाही. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भाला नोकऱ्यांत, शिक्षणात, विकासाच्या पैशात न्याय्य वाटा मिळेल आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होईल, असं वचन त्यात होतं. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबईच्या मोठ्या द्विभाषिक राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला.

हे सगळं चालू असताना वर्तमानपत्रं काय करत होती? ती नुसती बातम्या देत नव्हती, ती लढतही होती. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, ज्यांना लोक विदर्भकेसरी म्हणत, ते पुढारीही होते आणि 'मातृभूमी' हे वर्तमानपत्रही त्यांचं. ते वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. तिकडे मुंबईत आचार्य अत्र्यांनी १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' हे दैनिक काढलं, तेच मुळी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. पण मुंबईवाले एकीकडे आणि विदर्भवाले दुसरीकडे, इतकं सोपंही ते नव्हतं. नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. १९४६ मध्ये बेळगावला जे साहित्य संमेलन झालं, तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष माडखोलकरच होते. म्हणजे विदर्भातला संपादक एका मताचा, विदर्भातलाच दुसरा पत्रकार दुसऱ्या मताचा. जसा आमचा बचत गट.

यातून आम्ही पहिली गोष्ट शिकलो. वर्तमानपत्राला मत असतं. मत असणं पाप नाही. त्या काळी 'मराठा' उघडणाऱ्याला माहीत होतं की आपण कोणाचं वाचतो आहोत. अडचण तेव्हा होते, जेव्हा मत बातमीच्या कपड्यात येतं आणि वाचणारीला ते ओळखू येत नाही.

आता थोडं दूर जाऊ. आमच्या त्या सुनेनं आम्हाला स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. स्कॉटलंड हा इंग्लंडच्या उत्तरेचा मुलूख. १७०७ पासून दोन्ही एका राज्यात आहेत. आपण वेगळा देश व्हावं का, यावर तिथे १८ सप्टेंबर २०१४ ला मतदान झालं. त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही मत होतं. शंभरातल्या जवळजवळ पंच्याऐंशी जणांनी मतदान केलं. साधारण पंचावन्न टक्के नाही म्हणाले, पंचेचाळीस टक्के हो म्हणाले. मुलूख एकत्र राहिला.

आमच्यातली आजी लगेच म्हणाली, "त्याहीचं न् आपलं काय सारखं?" मागणी सारखी नाही, हे खरं. ते वेगळा देश मागत होते. आपल्याकडे मागणी आहे ती भारतातच एका वेगळ्या राज्याची. पण तिथल्या बातम्यांचं जे झालं ते ऐकण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, प्रश्नाची. तिथल्या सरकारला विचारायचं होतं, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का? तिथल्या निवडणुका पाहणाऱ्या आयोगानं तो प्रश्न लोकांवर तपासून पाहिला आणि सांगितलं, 'सहमत आहात का' हे शब्द काढा. कारण असं विचारलं की माणूस हो म्हणायला झुकतो. मग साधा प्रश्न ठेवला, स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? हो किंवा नाही. बायांनो, आपल्या दारात सर्व्हे घेऊन पोरं येतात. "ताई, तुम्ही या कामावर समाधानी आहात ना?" असं विचारतात. त्यातला 'ना' ऐकत जा. उत्तर त्या 'ना'मध्येच असतं.

दुसरी गोष्ट, वर्तमानपत्रांची. मतदानात पंचेचाळीस टक्के लोक हो म्हणाले, पण मोठ्या वर्तमानपत्रांपैकी 'संडे हेराल्ड' या एकट्या साप्ताहिक पत्रानंच उघडपणे होच्या बाजूनं लिहिलं. बाकीची बरीचशी नाहीच्या बाजूची, काही मधली. म्हणजे जवळजवळ निम्मं घर एका मताचं आणि घरात येणारे पेपर जवळजवळ सगळे दुसऱ्या मताचे.

तिसरी गोष्ट बीबीसीची. बीबीसी म्हणजे तिथली आकाशवाणी-दूरदर्शनसारखी मोठी संस्था. ती चालवायला तिथली घरं दरवर्षी फी भरतात. म्हणून लोकांना वाटतं, ही आपली, हिनं तरी दोन्ही बाजू सारख्या सांगाव्या. मतदानाच्या आठवडाभर आधी एका पत्रकार परिषदेत बीबीसीच्या वार्ताहराने वेगळं होण्याच्या बाजूचे पुढारी ॲलेक्स सॅमंड यांना बँकेबद्दल प्रश्न विचारला. ते बराच वेळ बोलले. संध्याकाळच्या बातमीत सांगितलं गेलं की त्यांनी उत्तर दिलं नाही. आता, ते बोलले त्याला उत्तर म्हणायचं की टोलवाटोलवी, यावर दोन मतं असू शकतात. पण लोकांनी इंटरनेटवर अख्खी पत्रकार परिषद पाहिली, मग बातमी पाहिली, आणि ते चिडले. ग्लासगो शहरात बीबीसीच्या कचेरीसमोर लोकांनी निदर्शनं केली. आम्ही दोन्ही बाजू नीट दिल्या, असं बीबीसीचं म्हणणं होतं.

हे ऐकून आमची आजी म्हणाली, "म्हंजे तिथंही मांडवाचा फोटो न् खालच्या ओळी येगळ्या येगळ्याच."

चौथी गोष्ट वचनाची. मतदानाला दोन दिवस राहिले असताना तिथल्या 'डेली रेकॉर्ड' या पेपरानं पहिल्या पानावर तीन मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचं वचन छापलं. एकत्र राहा, तुमच्या विधिमंडळाला जास्त अधिकार देऊ. जुन्या चर्मपत्रासारखा देखावा करून छापलं होतं. त्या वचनानं किती मतं फिरली यावर तिथे अजून वाद आहे. आम्हाला मात्र आपला नागपूर करार आठवला. वचन छापून येतं तो दिवस बातमीचा असतो. ते पाळलं गेलं की नाही हे बघायला पुढची साठ वर्षं लागतात, आणि ती बातमी रोजची नसते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन घ्या. तेवढे दिवस पेपर भरून जातात. कोणाचा मोर्चा अडवला, कोण पायऱ्यांवर बसलं, कोणाच्या हाती कोणता फलक होता. अधिवेशन संपून सगळे मुंबईला गेले की आपल्या अनुशेषाचं काय झालं हे शोधायला पानं उलटावी लागतात.

अनुशेष हा शब्दही आम्ही नीट समजून घेतला. एखाद्या भागात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढे कमी, तेवढा त्या भागाचा अनुशेष. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं तो मोजून दाखवला. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं आली. हा विषय आकड्यांचा, कंटाळवाणा. टीव्हीवर त्याचं भांडण रंगत नाही. म्हणून तो मागे पडतो.

२०१६ चा मार्च आठवा. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे वेगळ्या राज्यांबद्दल बोलले, गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. आम्ही सगळ्यांनी तो टीव्हीवर पाहिला होता. पण बैठकीत जेव्हा एकमेकींना विचारलं की ते नेमकं काय म्हणाले होते, कशाच्या आधारावर म्हणाले होते, तर एकीलाही सांगता आलं नाही. राजीनामा लक्षात राहिला, मुद्दा राहिला नाही. यात दोष थोडा टीव्हीचा, थोडा आमचाही. आरडाओरडा सुरू झाला की आम्ही आवाज मोठा करत होतो आणि मुद्दा आला की वाटाणे सोलायला उठत होतो.

आणखी एक उदाहरण. जनमंच या संस्थेनं २०१३-१४ च्या सुमारास अमरावती, नागपूर अशा शहरांत स्वतः मतपेट्या ठेवून लोकांचं मत घेतलं, विदर्भ वेगळा हवा का म्हणून. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले, अशी बातमी आली. आमच्यातली आंदोलनवाली ताई म्हणाली, "पाहा, सगळ्यांना पाहिजे." तेव्हा पुण्यात मुलगी असलेल्या ताईनं विचारलं, "मत टाकायला कोण गेलं होतं?" प्रश्न बरोबर होता. ज्याला तळमळ असते तो पेटीपर्यंत जातो. ज्याला नको असतं किंवा फरक पडत नाही, तो बहुतेक घरीच राहतो. त्यामुळे तो आकडा खोटा ठरत नाही. पण तो पेटीपर्यंत आलेल्यांचा आकडा आहे, सगळ्या विदर्भाचा नाही. तसंच उलटही. हे आंदोलन दोनचार लोकांचं आहे असं कोणी लिहिलं, तर विचारायचं, मग १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपूरहून लोकसभेवर कसे निवडून गेले? दोघेही वेगळ्या विदर्भाचेच पुढारी होते. मग पुन्हा विचारायचं, त्यांना मतं विदर्भासाठीच मिळाली की माणूस पाहून मिळाली? एका आकड्यानं गप्प बसायचं नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आणि त्या दोघी ताया त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींवर न चिडता बोलल्या.

आता आमच्या फोटोचं पुढे काय झालं ते सांगतो.

आम्ही तिघी तालुक्याच्या वार्ताहराकडे गेलो. मनात राग होता. तो बिचारा एका छोट्या दुकानात मागच्या खोलीत बसून बातम्या पाठवत होता. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि खरं सांगितलं. "ताई, फोटो मी काढला. ओळी मी नाही लिहिल्या. मी लिहिलं होतं, धरणे मंडपात उपस्थित महिला. बाकीचं वर झालं." त्यानं हेही सांगितलं की त्याला पगार म्हणावा असा पगार नाही. बातमीचे थोडे पैसे मिळतात, खरी कमाई जाहिरात आणली तर. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात देणारा पुढारी दुखावला तर त्याचं घर कसं चालेल? आम्ही गप्प झालो. बातमी वाकडी होते ती दर वेळी कोणाच्या वाईट बुद्धीनं होत नाही. कधी जागा कमी म्हणून होते, कधी घाईनं होते, कधी पोटासाठी होते.

मग आम्ही विचारलं, आमच्या पाण्याची बातमी का नाही आली? त्यानं उलट विचारलं, "तुम्ही मला निवेदनाची प्रत दिली होती का?" नव्हती दिली. शिक्क्याची प्रत आमच्या पिशवीत होती आणि आम्ही सावलीत बसलो होतो. मांडववाल्यांनी मात्र छापील पत्रक दिलं होतं, त्यावर नावं होती, मागण्या होत्या, फोन नंबर होता. बातमी त्यांची झाली, कारण त्यांनी ती तयार करून दिली होती.

आम्ही संपादकांना पत्र लिहिलं. शिव्या नाही, रडगाणं नाही. अमुक तारखेच्या अमुक पानावर आमचा फोटो आहे, आम्ही पाण्याचं निवेदन द्यायला गेलो होतो, सोबत शिक्क्याची प्रत जोडली आहे, खुलासा छापावा. नऊ जणींच्या सह्या. आठ दिवसांनी आतल्या पानावर चार ओळी आल्या. फोटो पहिल्या पानावर होता, खुलासा आत आला. पण आला. तो कापून आम्ही गटाच्या रजिस्टरात चिकटवला आणि पारावरही वाचून दाखवला. दोघींपैकी एक ताई पुढच्याच बैठकीला परत आली. दुसरीला चार महिने लागले.

तुम्हालाही असं काही झालं तर लक्षात ठेवा. आधी संपादकाला लेखी पत्र द्यायचं, त्याची प्रत जपून ठेवायची. दाद मिळाली नाही तर वर्तमानपत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलकडे, तक्रार करता येते. ती छापील पत्रांसाठी आहे, टीव्हीसाठी नाही. निवडणुकीत पैसे घेऊन बातमी छापल्याचा संशय असेल तर त्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यमांवर लक्ष ठेवणारी निवडणूक विभागाची समिती असते, तिच्याकडे जाता येतं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा मोठा बोभाटा २००९ च्या निवडणुकीनंतर आपल्याच महाराष्ट्रात झाला होता. जाहिरात असेल तर पानावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. आधी ते शोधा.

तेव्हापासून आमच्या दर बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, अर्धा तास पेपरवाचन असतं. दोन वेगवेगळे पेपर घेतो, एकच बातमी दोन्हींत वाचतो आणि सहा प्रश्न विचारतो. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगले प्रश्न त्याच विचारतात. प्रश्न लिहून घ्या.

पहिला. हे कोणी सांगितलं? वार्ताहरानं डोळ्यांनी पाहिलं, की कोणाच्या पत्रकावरून लिहिलं?

दुसरा. आकडा आहे तर तो कोणी मोजला? हजारोंची गर्दी म्हणजे किती, आणि अल्प प्रतिसाद म्हणजे किती?

तिसरा. फोटोतली माणसं खरंच त्या बातमीतली आहेत का?

चौथा. दुसऱ्या बाजूला बोलू दिलं आहे का? दिलं असेल तर किती ओळी, आणि कितव्या पानावर?

पाचवा. ही बातमी आहे, मत आहे की जाहिरात?

सहावा, आणि तो आमच्या आजीचा प्रश्न आहे. "याच्यात आपलं पाणी कुठं हाय?" म्हणजे ज्या गोष्टीनं आपला दिवस उगवतो आणि मावळतो, ती या बातमीत का नाही?

मोबाईलवर व्हॉट्सॲपनं जे येतं त्यालाही हेच सहा प्रश्न लावा. तिथे तर पहिल्याच प्रश्नाला बहुतेक निरोप गळून पडतात.

आमची नळयोजना अजून पूर्ण झालेली नाही. टाकी उभी आहे, पाईप अर्ध्या वस्तीपर्यंत आला आहे. मागच्या वर्षी आम्ही पुन्हा निवेदन दिलं. या वेळी पाच प्रती काढल्या. त्यात घरं किती, हंडे किती, टँकर किती दिवसांनी येतो, हे सगळं आम्ही स्वतः मोजून लिहिलं. त्याच वार्ताहराला प्रत दिली. त्यानं गावात येऊन विहिरीचा फोटो काढला. बातमी आली आणि फोटोखाली आमचेच शब्द आले. मांडवातल्या लोकांनीही ती वाचली, त्यांच्या विरोधातल्यांनीही वाचली, आणि दोघांनीही आम्हाला विचारलं, आम्ही काय मदत करू? आम्ही दोघांनाही पुढच्या ग्रामसभेला बोलावलं आहे.

आमच्यातली एक ताई अजूनही वेगळ्या विदर्भाची आहे. एक अजूनही म्हणते, पोरीचं पोट पुण्यावर आहे. दोघी एकाच सतरंजीवर बसतात आणि एकच पेपर दोन टोकांना धरून वाचतात. उद्या खरंच कोणी आपल्याला विचारायला आलं, हो की नाही, तर त्या दोघींची उत्तरं वेगळी असतील. पण ती त्यांची स्वतःची असतील.

येत्या बैठकीत तुमच्या गटातही दोन पेपर आणा. एकच बातमी दोन्हींत वाचा. काय सापडलं ते या कार्यक्रमाला पत्रानं कळवा, आम्हाला ऐकायचं आहे.

चला, आता पाणी भरायची वेळ झाली. नमस्कार.